काउंटरवरचा पोको एफ-१ : रूट स्वस्त, कुलूप महाग

फोन शाओमीचा पोको एफ-१. ऑगस्ट २०१८मध्ये तो भारतात आला तेव्हा स्नॅपड्रॅगन ८४५ चिपचा फोन २०,९९९ रुपयांपासून मिळतोय यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. या प्रकरणातला फोन ६ जीबी रॅमचा. मालकाचा रोजचा फोन केव्हाच बदलला. हा आता तालुक्याच्या गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर असतो. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत चार्जरला लावलेला. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतं ती याच्यावर येते, दुकानातल्या संगणकाला इंटरनेट याच्याच हॉटस्पॉटवरून मिळतं, आणि क्यूआरवर पैसे आले की यूपीआय अ‍ॅपची सूचनाही इथेच वाजते.

आत एमआययूआय १२ (अँड्रॉइडवर शाओमीने चढवलेला साज) आणि अँड्रॉइड १०. कंपनीकडून आता नवीन काही येणार नाही. मध्यंतरी पाठीचं झाकण एका कडेने उचललं गेलेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. नवी बॅटरी (मॉडेल बीएम४ई) बसवली. दुरुस्तीवाल्याने "दिवसभर लावून ठेवू नका" असं बजावलं, पण दिवसभर लावून ठेवणं हेच त्या फोनचं काम आहे. मग फोन रूट करून, म्हणजे सिस्टिमवर सर्वाधिकार मिळवून, चार्जिंग मध्येच तोडायचा विचार पुढे आला. रूट करायचंच तर आणखी तीन कामं त्याच फेरीत उरकू, अशी चार कामांची यादीही झाली: सिस्टिममधल्या जाहिराती घालवायच्या, आधीपासून भरलेली नको ती अ‍ॅप्स काढायची, ब्राउझरमधल्या जाहिराती थांबवायच्या, चार्जिंग ८० टक्क्यांवर तोडायचं. आणि यूपीआय आहे तसं चालू राहिलं पाहिजे.

यादी वाचतानाच अडचण दिसते. पहिल्या तीन कामांना रूट लागतच नाही. चौथ्याला लागतं. पाचवं आणि चौथं एका फोनवर नांदत नाहीत.

रूटशिवाय होणारं आधी करून टाकलं

एमआययूआयमधल्या बहुतेक जाहिराती एमएसए नावाचं एक सिस्टिम अ‍ॅप आणतं. संगणकावर प्लॅटफॉर्म-टूल्स (केबलवरून फोनला हुकूम देणाऱ्या एडीबी आणि फास्टबूट या साधनांचा गूगलचा संच) उतरवायची, फोनच्या 'अबाउट फोन'मध्ये एमआययूआय व्हर्जनवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची आणि एक कमांड द्यायची: 'एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल --यूझर ० कॉम.एमआययूआय.एमएसए.ग्लोबल'. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, संगणकावर अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.) 'कॉम.एमआययूआय.अ‍ॅनॅलिटिक्स'लाही हीच कमांड लागू पडते.

यात अ‍ॅप खरं तर पुसलं जात नाही. सिस्टिमच्या विभाजनात (साठवणीच्या राखीव भागात) त्याची मूळ प्रत राहते, फक्त 'यूझर ०' म्हणजे मुख्य वापरकर्त्यापुरती ती दिसेनाशी होते. म्हणून चूक झाली तर 'एडीबी शेल सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आणि पुढे अ‍ॅपचं नाव, एवढ्यावर ती परत येते. त्यामुळे जागा मात्र वाचत नाही. ज्यांना 'साठवण मोकळी करायची' असते त्यांची इथे निराशा होते. आणि हात कुठे आखडायचा हे माहीत हवं. 'कॉम.शाओमी.फाइंडडिव्हाइस' किंवा 'कॉम.एमआययूआय.सिक्युरिटीसेंटर' काढलं की फोन सुरू होताना लोगोवरच फिरत बसू शकतो, आणि मग सगळा डेटा पुसून पुन्हा श्रीगणेशा. इंटरनेटवरच्या 'ही दीडशे अ‍ॅप्स काढा' छापाच्या याद्या एकदम चिकटवू नयेत. पाच-सहा अ‍ॅप्स काढावीत, फोन बंद-चालू करावा, मग पुढची.

ब्राउझरमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९पासून असलेला प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते शोधून देणारी सेवा आपण निवडायची सोय) पुरतो. सेटिंग्जमध्ये त्याचा पर्याय शोधून 'डीएनएस.अ‍ॅडगार्ड-डीएनएस.कॉम' एवढं भरायचं. यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात. पण बातम्यांच्या साइट्स आणि फुकट अ‍ॅप्स बऱ्याच शांत होतात.

तीन कामं अर्ध्या तासात, डेटा न पुसता झाली. बहुतेकांचं प्रकरण इथेच मिटायला हवं. आजकाल रूटच्या नावाखाली जे मागितलं जातं त्यातला बराच भाग एडीबी, एडीबीचा हक्क अ‍ॅप्सना देणारं शिझुकू आणि प्रायव्हेट डीएनएस यांत बसतो.

बॅटरीचं काय

लिथियम-आयन सेलला दोन गोष्टी झिजवतात: वरचं व्होल्टेज आणि उष्णता. बीएम४ईची क्षमता ४,००० एमएएच, आणि ती पूर्ण भरते ४.४ व्होल्टला. १०० टक्क्यांवर बारा तास टांगून ठेवलेला सेल आणि वरून हॉटस्पॉटची धग, यात आतलं रसायन हळूहळू विघटित होऊन वायू सुटतो. पाऊच फुगतो तो त्या वायूने. ७५-८० टक्क्यांवर थांबलं तर व्होल्टेज खाली राहतं आणि झीज लक्षणीय मंदावते. हल्लीच्या बऱ्याच फोनांत ही मर्यादा सेटिंगमध्येच येते. पोको एफ-१च्या एमआययूआयमध्ये ती नाही.

रूट नको असेल तर टायमर प्लग आहे: तासभर चालू, दोन तास बंद. घरात पडून असलेल्या फोनला हा उपाय उत्तम आणि खरं सांगायचं तर दहापैकी नऊ जणांनी इथेच थांबावं. दुकानात तो पुरा पडला नाही. परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत हॉटस्पॉट अखंड चालतो आणि दोन तासांच्या बंद काळात फोन फार खाली येतो. सुस्त दिवशी तोच टायमर फोनला पुन्हा शंभरावर नेऊन ठेवतो. टायमर घड्याळ पाहतो, टक्के पाहत नाही.

टक्के पाहून चार्जिंग तोडायचं तर कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) '/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅटरी' या फोल्डरमधल्या फाइलींत लिहावं लागतं, आणि तिथे लिहिण्याचा हक्क फक्त रूटला. हे काम करणारं जुनं, कसाला लागलेलं मॉड्यूल (रूटच्या जोरावर चालणारी जोड) म्हणजे एसीसी, अर्थात अ‍ॅडव्हान्स्ड चार्जिंग कंट्रोलर. तेव्हा या फोनला रूट करण्याचं खरं कारण एवढं एकच.

किंमत नक्की कशाची

'रूट केला म्हणून गूगल पे बंद पडलं' असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट आहे. किंमत पडते ती रूटच्या आधीच्या पायरीला, बूटलोडरचं, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडण्याला.

फोन सुरू होताना चिपमधला न बदलता येणारा कोड बूटलोडरची सही तपासतो, बूटलोडर कर्नलची, कर्नल सिस्टिमची. कुलूप बंद असेल तर कंपनीची सही नसलेलं काहीही सुरू होत नाही. कुलूप उघडलं की बूटलोडर म्हणतो, सही नसली तरी चालेल. पण तो हे लपवत नाही. चिपच्या सुरक्षित भागात कुलपाची स्थिती नोंदली जाते, आणि एखाद्या अ‍ॅपने किल्लीची साक्ष (फोनच्या स्थितीचा चिपने दिलेला दाखला) मागितली तर त्या प्रमाणपत्रात 'हा फोन उघडा आहे' हे हार्डवेअरच्या सहीनिशी येतं. म्हणजे मॅजिस्क (रूट मिळवून देणारं साधन) बसवलं नाही, नुसतं कुलूप उघडून मूळ एमआययूआय वापरलं, तरी ही साक्ष बदललेली असते. लिनिएजओएससारखी (स्वयंसेवकांनी बनवलेलं अँड्रॉइड) स्वच्छ, रूट नसलेली सिस्टिम टाकली तरीही तेच.

गूगलची प्ले इंटेग्रिटी तपासणी हेच पाहते. तिची तीन उत्तरं असतात: बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग. अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनांवर मे २०२५पासून 'डिव्हाइस' मिळायलाही हार्डवेअरची साक्ष लागते, आणि 'स्ट्राँग'ला शिवाय गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅच. अँड्रॉइड १०च्या फोनला जुने नियम लागू पडतात, ते तुलनेने सैल आहेत. म्हणूनच 'या मॉड्यूलने बँकेचं अ‍ॅप चालतं' असे व्हिडिओ सापडतात. ती मॉड्यूल्स दुसऱ्या एखाद्या प्रमाणित फोनची ओळख उसनी घेतात, किंवा बाहेर फुटलेल्या कारखान्याच्या किल्ल्या वापरतात. गूगल त्या ओळखी आणि किल्ल्या रद्द करत राहतं. आज चाललेलं अ‍ॅप उद्या दुपारी बारा वाजता, समोर गिऱ्हाईक उभं असताना, 'डिव्हाइस सुरक्षित नाही' म्हणू शकतं.

शिवाय बँकांकडून ही तपासणी नियामकच अपेक्षित करतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेसाठी जे निर्देश काढले, त्यांत फोन किमान अटी पुऱ्या करत असेल तरच अ‍ॅप चालू द्यावं अशी अपेक्षा आहे. दुकानाच्या खात्याचं यूपीआय अशा उसन्या ओळखीवर चालवणं म्हणजे गल्ल्याची किल्ली शेजारच्या टपरीवर ठेवण्यासारखं. या प्रकरणात तो मार्ग पहिल्याच दिवशी बाद केला.

मग यूपीआय मालकाच्या रोजच्या फोनवर हलवायचं ठरलं. बँकेत नोंदवलेलं सिम त्या फोनमध्ये गेलं, यूपीआय अ‍ॅपने एसएमएस पाठवून नव्या फोनशी सांगड घातली. फोन बदलल्यावर पैसे पाठवण्याच्या मर्यादेवर पहिले २४ तास गदा येते, म्हणून माल आणायच्या आदल्या दिवशी हे करू नये. पैसे येण्यावर परिणाम होत नाही. आलेल्या पैशांचा आवाज साउंडबॉक्स देतो. काउंटरवरच्या फोनमध्ये उरलं फक्त डेटाचं सिम.

एक गोष्ट सुरुवातीच्या यादीत नव्हतीच, पण निर्णयात तिचं वजन यूपीआयइतकंच आहे. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवर काय येतं? आधार कार्डं, पॅन, सातबारे, जातीचे दाखले, बँकेचे रद्द केलेले चेक. म्हणजे गावभराची ओळखपत्रं त्या एका फोनच्या डाउनलोडमध्ये असतात. अँड्रॉइडमध्ये एक अ‍ॅप दुसऱ्याच्या खाजगी फोल्डरमध्ये डोकावू शकत नाही. रूट मिळालेल्या अ‍ॅपला ती भिंत नसते. म्हणून रूटसोबत दोन अटी आल्या: रूटचा हक्क एका अ‍ॅपपलीकडे कुणाला नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपची मीडिया रोज दुकान बंद करताना पुसायची. (दुसरी अट रूट नसतानाही पाळायला हवी होती, ते वेगळं.)

कुलूप उघडताना

शाओमीच्या या पिढीत कुलूप उघडायला 'मी अकाउंट' (शाओमीचं खातं) लागतं आणि थांबावं लागतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' चालू करायचं. मग 'मी अनलॉक स्टेटस'मध्ये जाऊन वायफाय बंद ठेवून, सिमच्या डेटावर, 'अ‍ॅड अकाउंट अँड डिव्हाइस' दाबायचं. वायफायवर ही जोडणी होत नाही. सिम नसलेल्या फोनवर लोक इथेच अडकतात. त्यानंतर विंडोजवरच्या मी अनलॉक टूलने प्रयत्न केला की ते बहुधा '१६८ तासांनी या' सांगतं. सात दिवस. तोवर फोन नेहमीसारखा वापरता येतो. पण त्या काळात 'अ‍ॅड अकाउंट' पुन्हा दाबायचं नाही आणि मी अकाउंटमधून बाहेर पडायचं नाही, नाहीतर घड्याळ पुन्हा शून्यावर जाऊ शकतं. (एमआययूआयनंतर आलेल्या हायपरओएसच्या नव्या फोनांत अटी याहून खूप कडक झाल्या आहेत. सात दिवसांवर कुरकुरणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावं.)

हे सात दिवस बॅकअपचे. कुलूप उघडलं की वापरकर्त्याचा सगळा डेटा पुसला जातो. यात कंपनीचा आडमुठेपणा नाही: तसं नसतं तर चोरलेल्या फोनचं कुलूप उघडून कुणालाही आतलं वाचायचा मार्ग मिळाला असता. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा बॅकअप ड्राइव्हवर घेतला, आणि शिवाय 'अँड्रॉइड/मीडिया'मधलं त्याचं फोल्डर संगणकावर उतरवलं. ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबीच, आणि ती भरली असेल तर बॅकअप अर्ध्यात थांबतो. ऑथेंटिकेटरचे कोड आधीच दुसऱ्या फोनवर हलवले. बॅकअपमध्ये सगळ्यात जास्त विसरलं जाणारं हेच, आणि विसरल्यावर सगळ्यात जास्त रडवणारंही हेच.

आठव्या दिवशी, रविवारी, फोन बंद करून आवाज कमी करण्याचं बटण आणि पॉवर एकत्र दाबले. सशाचं चित्र आणि 'फास्टबूट' अशी अक्षरं आली. (संगणकावरून फोनच्या साठवणीत लिहिण्याचा हा मोड.) संगणकाला लावताच पडदा काळा झाला आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रेस एनी की टू शटडाउन'. हा बिघाड पुष्कळांना भेटतो आणि पुष्कळ जण केबल बदलत बसतात. कारण केबल नसते. या काळातल्या शाओमी फोनांचं फास्टबूट काही संगणकांच्या, विशेषतः रायझन मदरबोर्डच्या, यूएसबी ३ पोर्टशी नीट बोलत नाही. मध्ये साधा यूएसबी २ हब लावला की काम होतं. इथेही तेच झालं. 'फास्टबूट डिव्हाइसेस' या कमांडला उत्तर म्हणून एक क्रमांक दिसला पाहिजे. काहीच दिसलं नाही आणि पडदा सशावरच असेल, तर दोष विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये.

टूलने कुलूप उघडलं, फोन पुसून सुरू झाला. यापुढे सुरू होताना लोगोखाली 'अनलॉक्ड' हा शब्द दिसत राहणार.

दहा मिनिटांचं रूट

पद्धत निवडायला फारसा वाव नव्हता. कर्नलएसयू या दुसऱ्या रूट-साधनाचा अधिकृत पाठिंबा ५.१० आणि पुढच्या जीकेआय (गूगलच्या सामायिक) कर्नलला आहे. पोको एफ-१चा कर्नल ४.९. तेव्हा जॉन वू यांचं मॅजिस्क, आणि तेही फक्त त्यांच्या गिटहबच्या पानावरून उतरवलेलं. मॅजिस्कच्या नावाने सजवलेल्या नकली साइट्स शोधात वर येतात, आणि नकली रूट अ‍ॅपपेक्षा वाईट गोष्ट फोनवर बसवणं अवघड आहे.

मॅजिस्क फोनची बूट इमेज (कर्नल आणि सुरुवातीच्या फाइली असलेली फाइल) घेऊन तिच्या रॅमडिस्कमध्ये, म्हणजे त्या सुरुवातीच्या फाइलींत, स्वतःला बसवतं. ती इमेज फोनवर आत्ता चालू असलेल्या आवृत्तीचीच हवी. जवळपासची नको, नेमकी तीच. कर्नल एका आवृत्तीचा आणि व्हेंडर विभाजनातले ड्रायव्हर दुसऱ्या आवृत्तीचे झाले तर फोन सुरू होतो, पण वायफाय चालूच होत नाही किंवा आवाज जातो, आणि लोक मॅजिस्कला दोष देतात. या फोनच्या रिकव्हरी रॉमच्या (कंपनीच्या पूर्ण सिस्टिमच्या) झिपमध्ये बूट इमेज उघडीच मिळते; झिप उघडून ती फाइल बाहेर काढायची. संगणकावर तिची एक प्रत 'मूळ-बूट' अशा नावाने जपून ठेवायची. ही फाइल म्हणजे परतीचं तिकीट.

फाइल फोनच्या डाउनलोडमध्ये टाकली. मॅजिस्क अ‍ॅपमध्ये 'इन्स्टॉल', मग 'सिलेक्ट अँड पॅच अ फाइल'. 'मॅजिस्क_पॅच्ड'ने सुरू होणारी नवी फाइल तयार झाली, ती संगणकावर आणली. आता सरळ 'फास्टबूट फ्लॅश बूट' करण्याची घाई करायची नाही. आधी 'फास्टबूट बूट' आणि पुढे त्या फाइलचं नाव. याने फोन फक्त एकदा, तात्पुरता, त्या इमेजवरून सुरू होतो; साठवणीत काही लिहिलं जात नाही. बिघडलं तर पॉवर बटण दाबून धरायचं, फोन जुन्या इमेजवर परत. सुरू झाला, वायफाय, आवाज, कॅमेरा, सिम चारही तपासले, तेव्हाच मॅजिस्क अ‍ॅपमधून 'डायरेक्ट इन्स्टॉल' केलं. दोन मिनिटांची ही तालीम पुष्कळ फोनांना वाचवते.

पोको एफ-१ला आणखी एक खोच आहे. याचे पडदे दोन कंपन्यांचे निघाले, तिआनमा आणि ईबीबीजी. मूळ कर्नल ठेवला तर फरक पडत नाही. पण कुणी हौसेने बनवलेला कर्नल किंवा जुनी रिकव्हरी टाकली की एका पडद्यावर चालणारी गोष्ट दुसऱ्यावर काळी पडू शकते. लिनक्सच्या मूळ कोडमध्ये तर या एका फोनसाठी दोन वेगळ्या डिव्हाइस ट्री (फोनच्या भागांचं वर्णन देणाऱ्या) फाइली आहेत. या प्रकरणात कस्टम कर्नलची गरजच नव्हती, म्हणून तो विषय काढला नाही.

रूट मिळाल्यावर पहिलं काम एसीसी नाही, बॅकअप. एडीबी शेलमध्ये 'एसयू' करून (मॅजिस्क शेलला परवानगी विचारतं, काम झालं की ती काढून घ्यायची) 'डीडी' कमांडने '/डेव्ह/ब्लॉक/बाय-नेम'मधली पर्सिस्ट, मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि एफएससी ही विभाजनं फाइलींत उतरवली. सगळं मिळून काही एमबीच. पर्सिस्टमध्ये सेन्सरचं कॅलिब्रेशन असतं, मोडेमएसटीमध्ये रेडिओचा आणि आयएमईआयचा डेटा. ही विभाजनं कुठल्याही रॉमच्या झिपमध्ये मिळत नाहीत, कारण ती प्रत्येक फोनची वेगळी असतात. पुढे कधी 'नो आयएमईआय' झालं तर याशिवाय दुसरं औषध नाही. या फाइली दुसऱ्या फोनवर टाकायच्या नाहीत. आयएमईआयशी खेळणं आपल्याकडे गुन्हा आहे.

एसीसी बसवताना

एसीसीची झिप मॅजिस्कच्या मॉड्यूल्समधून 'इन्स्टॉल फ्रॉम स्टोरेज'ने टाकली आणि फोन पुन्हा सुरू केला. टर्मक्स या कमांड देण्याच्या अ‍ॅपला रूटची परवानगी दिली. हेच ते एकमेव अ‍ॅप. चार्जर लावलेल्या स्थितीत 'एसीसी -टी' चालवलं. ही कमांड कर्नलमधली चार्जिंगची प्रत्येक खुंटी पिळून पाहते आणि कुठली काम करते ते सांगते. चाचणी चालू असताना चार्जिंगचं चिन्ह जातं-येतं, त्यात घाबरायचं कारण नाही.

खुंट्या दोन जातीच्या. एक चार्जरचा पुरवठाच तोडते ('इनपुट_सस्पेंड' त्यातली): मग फोन बॅटरीवर चालतो, खालच्या मर्यादेपर्यंत उतरतो, पुन्हा चढतो. दुसरी बॅटरीत जाणारा प्रवाह थांबवते, पण फोनला वीज चार्जरवरूनच मिळते. बॅटरी नुसती पडून राहते. काउंटरवरच्या फोनला दुसरी कधीही चांगली, कारण बॅटरीची लहान-लहान आवर्तनंही वाचतात. चाचणीत ती चालणारी निघाली तर 'एसीसी -एस एस'मधून तिलाच पक्कं करायचं. नाही निघाली तर पहिलीवर समाधान मानायचं. ती निकामी नाही.

मग 'एसीसी ८० ७५'. म्हणजे ८०वर थांब, ७५वर पुन्हा सुरू. पाच टक्क्यांपेक्षा कमी अंतर ठेवलं तर खुंटी सारखी उघडझाप करत बसते. सततच्या जोडणीसाठी ७०-६५ याहून चांगलं ठरलं असतं. ८० हा आकडा वीज जाण्याचा विचार करून ठेवला. भारनियमनाच्या दिवशी हॉटस्पॉट चालू राहायला हवा.

हाती काय राहिलं, काय गेलं

मॅजिस्कमध्ये रूटच्या विनंतीचं आपोआप उत्तर 'डिनाय' केलं. पुढे कुठलंही अ‍ॅप रूट मागेल तर त्याला विचारणा न होताच नकार मिळतो. यूएसबी डीबगिंग बंद. पडद्याला सहा आकडी पिन, चार नाही. कारण कुलूप उघडं असल्यामुळे चोर फोन पुसून वापरू शकतो, आणि हाताशी वेळ असलेला माणूस त्यात बदललेली सिस्टिमही घुसवू शकतो. डेटा अजूनही पिनशी बांधलेल्या किल्लीने सांकेतिक केलेला आहे, एवढीच काय ती तटबंदी.

नवीन मॉड्यूल टाकायचं नाही, असा नियम केला. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे फोन सुरू होताना सर्वाधिकाराने चालणारा, अनोळखी माणसाने लिहिलेला कोड. त्यातून कधी फोन लोगोवर अडकलाच, तर अँड्रॉइडच्या सेफ मोडमध्ये सुरू करायचा. मॅजिस्क ते ओळखून सगळी मॉड्यूल्स बंद करतं, आणि पुढच्या वेळी फोन नेहमीसारखा उठतो.

अपडेटची कटकट इथे नाही, कारण अपडेटच येत नाहीत. पाठिंबा संपलेला फोन रूटसाठी सोयीचा ठरतो. दर महिन्याला पॅच येणाऱ्या फोनवर प्रत्येक अपडेटनंतर बूट इमेज पुन्हा पॅच करावी लागते, आणि दोन-तीन महिन्यांनी मालकाला कंटाळा येऊन तो अपडेटच घेणं सोडतो. रूटने होणारं सगळ्यात मोठं नुकसान बहुधा हे असतं, आणि कुठल्याही 'रूटचे तोटे' यादीत ते सापडत नाही.

जुन्या सुरक्षा पॅचचं दुखणं मात्र कायम आहे. लिनिएजओएस टाकलं असतं तर ते बरंच हलकं झालं असतं, हा फोन त्यांच्या अधिकृत यादीतला आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत, जिथे कर्नल साथ देतो तिथे, चार्जिंगची मर्यादाही आतच मिळते. कुलूप उघडण्याची किंमत एकदा मोजल्यावर तो रस्ता अधिक शहाणपणाचा आहे, असं आमचं मत. मालकाला एमआययूआयचा कॅमेरा आणि ओळखीचे मेनू सोडायचे नव्हते. फोन त्याचा, निर्णय त्याचा.

रूट काढायचं असेल तर मॅजिस्क अ‍ॅपमधून 'अनइन्स्टॉल', किंवा 'फास्टबूट फ्लॅश बूट' करून जपलेली मूळ इमेज परत. पाच मिनिटं. कुलूप पुन्हा लावणं ही वेगळी आणि धोक्याची गोष्ट. पॅच केलेली इमेज आत असताना कुलूप लावलं की सही जुळत नाही आणि पडद्यावर 'द सिस्टम हॅज बीन डिस्ट्रॉइड' येतं. आधी पूर्ण मूळ रॉम, मगच कुलूप. इथे मी-फ्लॅश टूलचा एक सापळा आहे: खालच्या पट्टीत 'क्लीन ऑल अँड लॉक' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. नुसतं रॉम टाकायला गेलेल्या माणसाचा फोन नकळत कुलूपबंद होतो. पोको एफ-१मध्ये त्याने फार तर सात दिवस पुन्हा थांबावं लागतं. चीनसाठी बनवलेल्या रेडमीवर ग्लोबल रॉम टाकताना हेच झालं तर फोनचा डबा होतो, आणि ईडीएल मोडमधून (चिपच्या आणीबाणीच्या दारातून) तो उठवायला कंपनीची परवानगी असलेलं खातं लागतं. त्यातच जुन्या आवृत्तीकडे परतायचं असेल तर 'फास्टबूट गेटव्हार अँटी' विचारून घ्यावं. २०१८मध्ये रेडमी नोट ५ प्रोच्या अनेक मालकांनी अँटी-रोलबॅकचा (जुनी आवृत्ती अडवणारा) हा आकडा न पाहता खाली उतरायचा प्रयत्न केला आणि फोन कायमचे गमावले.

एक खुळचट उणीव शेवटपर्यंत राहिली. एसीसी अँड्रॉइड चालू असतानाच पहारा देतं. फोन बंद करून चार्जरला लावला की रूटही झोपलेलं, एसीसीही, आणि बॅटरी सरळ १०० टक्क्यांवर जाते. दुकान बंद करताना मुलगा सवयीने तेच करायचा. आता सॉकेटच्या वर सेलोटेपने चिठ्ठी चिकटवली आहे: 'फोन बंद करून चार्जिंगला लावू नये. रात्री चार्जरची पिन काढणे.'